काडीने मोजलेलं यंत्र

यंदा दसरा होऊन चार दिवस झाले आणि आमच्या गावात कापणीचं यंत्र आलं. खरंखुरं, घराएवढं, भाड्याने आणलेलं. वरच्या शेतांत उतरायला त्याला वाट पुरेना म्हणून तीन बांध सपाट केले. मी ओट्यावर बसून आवाज ऐकत होते. पाहायला गेले नाही. पुढून उभं भात आत जातं, बाजूने दाणे पडतात, मागून पेंढा पडतो, हे मला साठ वर्षांपूर्वीच समजावून सांगितलेलं आहे.

वास मात्र ओट्यापर्यंत आला. भाताचं रोप कापलं की पहिल्या तासाभरात एक वास सुटतो. ओला, थोडा गोड, थोडा कच्च्या काकडीसारखा. विळ्याने कापा नाहीतर यंत्राने, वासाला फरक पडत नाही. त्या वासाबरोबर मानेवर कुसळं टोचायला लागतात. मी बसल्या जागी मान खाजवली आणि स्वतःवरच चिडले. विळा खाली ठेवून मला पंधरा वर्षं झाली असतील.

घरात प्राची टेबलावर पसारा मांडून बसली होती. प्राची माझ्या दादाची नात. पनवेलला नोकरी करते आणि दिवाळीच्या आधी रजा काढून गावाला येते. तिला लहान वस्तू करायचा नाद आहे. आगपेटीएवढी घरं, नखाएवढ्या कोंबड्या, दोऱ्याच्या दोरीवर वाळत घातलेली लुगडी. ह्या वर्षी तिने चार फळ्या जोडून त्यावर आमच्या गावचं खाजण करायला घेतलं होतं. खाजण म्हणजे खाडीच्या कडेची खारी जमीन, बांध घालून भातासाठी राखलेली. भिंतीवरचा जुना फोटो तिने खाली उतरवून समोर उभा केला होता. फोटोत दादा आहे, टोपीवाला साहेब आहे आणि दोघांच्या मधे टेबलावर हेच खाजण आहे. तालुक्याच्या शेती प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेलं.

"आत्याआजी, इकडे बघ ना," ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. "ही सगळी कापणीची यंत्रं. ह्यातलं कुठलं मागवू? का आजोबांचंच ठेवू?"

आजोबांचं म्हणजे काचेच्या कपाटातलं. लाल रंगाचं, विटेएवढं, पुढे फिरणारी फणी असलेलं.

"ते नको," मी म्हटलं.

"का गं?"

"मोठं आहे."

तिला वाटलं म्हातारीला मापाचं बरं कळतं. मापाचं मला कळतं हे खरंच आहे.

कापणीच्या दिवसांबद्दल लोक गोड बोलतात. बहुतेक ते बोलणारे बांधावर उभे असतात. खालून पाहिलं तर कापणी म्हणजे सकाळी वाकायचं आणि जेवायच्या वेळी सरळ व्हायचं. पायाखालचा चिखल अर्धा सुकलेला, त्यात चिंबोऱ्यांची बिळं, पाय पडला की घोट्यापर्यंत आत. खाडीकडून वारा आला की ओठ खारट. बोटांना विळ्याच्या बारीक चिरा, आणि त्यात तोच खारटपणा. दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी. पाण्याची कळशी बांधाच्या सावलीत, जेवढी सावली बांधाला असते तेवढीच. आणि तरी त्या दिवसांत मी हसत असे, हेही सांगितलं पाहिजे, कारण आम्ही नऊ जणी असायचो.

आमच्यात पाळी असे. आज सगळ्या मिळून हिचं शेत कापायचं, उद्या तिचं, परवा माझं. मजुरी कुणी कुणाला देत नसे. पाळी चुकवायची नाही, एवढा एकच नियम. ताप असला तरी जायचं, निदान बांधावर बसून भारे बांधायचे. जी पाळी चुकवील तिच्या शेतात पुढच्या वर्षी कुणी उतरत नसे. असं शेत उभं राहिलेलं मी एकदा पाहिलं आहे. दाणे गळून चिखलात पडले आणि पाखरांनी नेले. कुणी भांडलं नाही, कुणी बोललं नाही. आम्ही त्या बांधावरून जात-येत राहिलो.

माझं शेत खाडीला लागून होतं. ते माझंच होतं, वडिलांनी माझ्या नावे केलेलं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी तिसरीत होते, चौथीनंतर शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी नवरा तापाने गेला. मूल नव्हतं. मी माहेरी परत आले. वडील म्हणाले, "हिरा कुणाच्या ताटातलं खाणार न्हाय, तिचं तिला पिकू दे." वरची गोड्या पाण्याची जमीन दादाला, खालचा खाजणाचा तुकडा मला. मला ते अन्यायाचं वाटलं नाही. खाजणात लाल भात यायचा. त्याला चव असते, आणि पाणी उतरलं की भातखाचरात निवटे, चिखलातले मासे, मिळायचे. चार वर्षं मी माझ्या भाताची पेज प्याले. माणूस स्वतःचं पीक खातो तेव्हा ताठ बसतो. मी ताठ बसत होते.

मग बाहेरच्या बांधाला खांड पडली. खाडीच्या अंगाला जो मोठा बांध असतो तो फुटला की त्याला आम्ही खांड म्हणतो. सुरुवातीला ती दोन हातांची होती. पूर्वी अशी खांड पडली की घरटी एक माणूस यायचं, चिखलाचे गोळे आणि झुडपं टाकून बुजवायचं. पण पुरुष बरेचसे मुंबईला आणि वरच्या शेतवाल्यांना खाडीचं पाणी पोचत नव्हतं. प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आम्ही सात-आठ बायका ती बुजवायचो आणि पुढच्या उधाणाला ती परत उघडायची. दगडाचं काम हवं होतं. ते सरकारने करायचं, आणि सरकारने करायचं तर साहेबाने येऊन पाहायचं. साहेब दोनदा आले. गुडघाभर चिखल पाहून वरच्या रस्त्यावरूनच परत गेले.

तेव्हा दादा म्हणाला, "साहेब खाजणात उतरत न्हाय ना? मग आपण खाजणच साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवू."

दादा हुशार होता. हे मी आजही म्हणेन. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं होती ती. तालुक्याला शेती प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक गावाने आपल्या शेतीचा देखावा न्यायचा होता. मला मातीचं काम येत होतं. लहानपणी पेणला मावशीकडे राहिले तेव्हा गणपतीच्या कारखान्यात माती मळून मळून बोटांना सवय झाली होती. दादा म्हणाला, "हिरे, तू जशीच्या तशी खाजणाची जमीन कर. एकेक बांध, एकेक खाचर. आणि ती खांड अगदी पुढे, साहेबाच्या पोटासमोर येईल अशी. तुझी खांडच आधी दिसेल."

मी पावसाळा संपता संपता कामाला लागले. शाळेच्या मागच्या पडवीत फळ्या टाकल्या. माती आमच्या खाजणातलीच आणली, करडी, खारट, वाळल्यावर वर पांढरी भुकटी धरणारी. चार बोटं रुंदीचं एकेक खाचर. बांध करंगळीएवढे. भात म्हणून शेवयांसारखं बारीक गवत खोचलं. मग आम्ही नऊ जणी केल्या, अंगठ्याएवढ्या, कापताना वाकलेल्या. प्रत्येक बाई ओळखू येत होती. बारकीकाकी एका बाजूने जास्त वाकायची, तशीच केली. माझ्या वहिनीचा पदर नेहमी खोचलेला असायचा, तो तसाच. बायका येऊन आपापली बाई शोधायच्या आणि बारकीकाकी म्हणायची, "माझं ढुंगण एवढं मोठं हाय का गो? थोडी माती कमी कर. साहेब बघणार हाय."

खांड मी शेवटी केली. बांध पुरता वाळू दिला आणि मग अंगठा घालून फोडला. कडा तशाच खडबडीत ठेवल्या. आतल्या दोन खाचरांत गवत खोचलं नाही, मीठ शिंपडलं. ती माझी खाचरं.

एकच अडचण निघाली. प्रदर्शनवाल्यांचं म्हणणं होतं की देखाव्यात एक तरी नवं यंत्र हवं. उद्याची शेती दाखवायची होती म्हणे. दादाने सरकारी पुस्तिकेत एका यंत्राचं चित्र पाहिलं होतं, तेच ते, पुढून कापतं आणि पोटात झोडतं. तो मला ते तासभर समजावत बसला. त्याचे डोळे असे झाले होते की मी मधे बोलले नाही. नंतर म्हटलं, "ठेव बाबा. पण वरच्या कोपऱ्यात, तुझ्या शेतात. आणि बांधात मावेल एवढंच."

"तूच निवड," तो म्हणाला. "चल मुंबईला."

मुंबईला मी आधी एकदाच गेले होते. रेवसहून लाँच पकडली. जाण्याआधी मी पडवीत गेले, भाताची एक काडी घेतली आणि एका खाचराच्या रुंदीएवढी तोडली. ती काडी मी पदराच्या गाठीत बांधली. लाँचवर वारा होता, मी गाठ मुठीत धरून बसले होते. दादा सगळी वाट बोलत होता. भाऊच्या धक्क्यावर उतरलो, ट्राममध्ये बसलो, तरी बोलत होता. मला त्या दिवशी तो फार आवडला. आपला भाऊ आपल्याला बरोबर घेऊन निघाला आहे, आपल्याला विचारून वस्तू घेणार आहे, हे त्या काळच्या विधवा बाईला किती मोठं वाटत असेल हे आता प्राचीला सांगून कळणार नाही.

खेळण्यांचं दुकान काचेचं होतं. शेठने काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक पत्र्याचं, चावी दिली की पळणारं. एक मोठं, लाल, विटेएवढं, त्याची पुढची फणी बोट लावलं की गरगर फिरायची. आणि एक लहान, पिवळं, फणी न फिरणारं, पण फार नीट केलेलं. मी पदराची गाठ सोडली आणि काडी काढली. शेठ हसायला लागला.

"बेन, आ शूं? दातमा घालायची काडी?"

"हे माझं शेत आहे," मी म्हटलं. "ह्यात मावलं पाहिजे."

लाल यंत्रावर काडी धरली. काडी त्याच्या निम्म्यालाही आली नाही. पत्र्याचंही बाहेर गेलं. पिवळ्यावर धरली तर दोन्ही बाजूंना दाण्याएवढी जागा उरली. बैल वळवायला लागते तेवढी. मी ते पिवळं उचललं आणि दादाच्या हातात दिलं.

"हेच," मी म्हटलं.

"हेच," दादा म्हणाला. पण बोलताना त्याच्या डाव्या हाताचं बोट लाल यंत्राच्या फणीवर होतं आणि तो ती फिरवत होता. मी पाहिलं. मोठ्या माणसाला खेळण्याची हौस असते, एवढंच माझ्या मनात आलं. शेठने पिवळं यंत्र खोक्यात घातलं, दादाने पैसे दिले, काडी मी दादाच्या खिशात घातली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. दादा थोड्या वेळाने आला. मोड घेत होतो म्हणाला. पिशवी त्याच्या हातात होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी देखावा बैलगाडीत चढवून तालुक्याला न्यायचा होता आणि त्याच दिवशी बारकीकाकीच्या शेताची पाळी होती. मी दादाला म्हटलं, एक दिवस पुढे-मागे कर. तो म्हणाला, गाडी आजच मिळते. मग म्हणाला, "तू पाळी चुकवू नको, हिरे. माझ्यावर सोड. यंत्र मी ठेवतो तू सांगितलं तिथे." मी पाळीला गेले. मी जाणार हे त्याला ठाऊक होतं. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला त्या दिवशी देखाव्याजवळ थांबवून धरता आलं नसतं, आणि हे बाहेरच्या कुणाला कळलं नसतं, घरच्यालाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जणी धुतलेली लुगडी नेसून गाडीतून निघालो. शाळेच्या पटांगणात मांडव होता. गर्दी फार. आमच्या गावाच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त. बारकीकाकी पुढे घुसली आणि थांबली. तिच्या पाठीवरून मी पाहिलं.

मधोमध लाल यंत्र उभं होतं.

ते मावावं म्हणून आतले सगळे बांध खरवडून काढले होते. चार बोटांची माझी खाचरं जाऊन एक मोठं सपाट मैदान झालं होतं, त्याच्यावर नवं हिरवं गवत. आम्ही नऊ जणी उपटून यंत्राच्या दोन्ही अंगांना ओळीने लावल्या होत्या. कापताना वाकलेल्या बायका होत्या त्या. पुढे कापायला काही नव्हतं, नुसत्या वाकलेल्या. यंत्राचं चाक आमच्या डोक्यापेक्षा उंच होतं.

"अगो हिरे," बारकीकाकी म्हणाली, "आपनच ना ह्या? मग आपन त्याच्या पाया का पडतोय?"

मागच्या दोघी-तिघी हसल्या. मी खांड शोधत होते. खांड नव्हती. बाहेरचा बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुळगुळीत, वरून रंग दिलेला. मी अंगठा घातला होता ती जागा मला बोटांनी सापडली असती, डोळ्यांनी सापडेना.

तेवढ्यात साहेब आले. दादा त्यांच्या बाजूला, पांढरा सदरा, हात मागे. साहेब वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "बांध फार उत्तम राखलाय तुमच्या गावाने."

मी बोलले. लोकांना वाटतं त्या काळच्या बायका गप्प बसायच्या. मी बसले नाही. मी म्हटलं, "साहेब, तिथे खांड आहे. पाणी आत येतं. माझं शेत आहे तिथे."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादा हसला. ते हसणं मला अजून दिसतं, त्यात राग नव्हता, लाजही नव्हती, पाहुण्यांसमोर घरातल्या मुलाने काही बोलावं तसं होतं.

"बहीण आहे माझी," तो म्हणाला. "नवरा गेल्यापासून जरा... ती दोन वर्षांमागची खांड, साहेब. बुजवली आम्ही."

साहेबांनी मान हलवली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि यंत्राकडे बोट केलं. "हे फिरतं का?"

दादाने फणी फिरवली. फोटो त्याच वेळी काढला. त्यात मी नाही. मी फोटोच्या उजव्या कडेच्या बाहेर उभी आहे, दोन हातांवर.

घरी मी दादाला विचारलं. त्याने सांगितलं की पिवळ्या यंत्राचं चाक खोक्यातच निखळलेलं निघालं. गाडीत माल चढवायच्या आदल्या दिवशी खोकं उघडलं तेव्हा कळलं. मुंबईला ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवलं तर दुकानात फक्त लाल उरलं होतं. ते मोठं, मग बांध काढावे लागले. बांध काढताना बाहेरचा बांध हलला, मग तो नव्याने लिंपावा लागला. "मी काय करू, हिरे? सगळं एकातून एक झालं." आणि साहेबांसमोर? "भर मांडवात गावाची अब्रू काढायची होती का?"

एकातून एक झालं. मी हे धरून ठेवलं. माणसाला धरायला काहीतरी लागतं. दुकानातलं एक चाक निखळलं आणि त्यातून पुढचं सगळं घडलं, ह्यात कुणाचा दोष? भाऊ भित्रा निघाला, अब्रूला जपणारा निघाला, एवढंच. भित्र्या माणसाला माफ करता येतं. मी केलं.

बक्षीस मिळालं. बांधाचं काम आलं नाही, कारण बांध उत्तम होता. वरच्या आळीला मात्र पक्का रस्ता मंजूर झाला, तो दादाच्या दारावरून जातो. पुढच्या श्रावणातल्या उधाणात खांड वीस हातांची झाली. मी सकाळी गेले तेव्हा माझ्या शेतात मासे पोहत होते. तीन वर्षं मी वाट पाहिली, मीठ धुऊन जाईल म्हणून. चौथ्या वर्षी खाऱ्या चिखलात वाढणारी तिवरं उगवली. तिवर हे शहाणं झाड आहे, जिथून माणूस उठला तिथेच ते बसतं. नऊ जणींच्या पाळीत मी पुढेही कापायला जात राहिले, पण माझ्या पाळीचा दिवस उरला नव्हता. बायका म्हणायच्या, तू ये गो, तुझ्या वाटचं धान्य नेत जा. मी नेत होते. ताठ बसत नव्हते.

दादाच्या घरात राहिले. लाल यंत्रासाठी त्याने काचेचं कपाट करून घेतलं. तो सोसायटीचा चेअरमन झाला, मग सरपंच झाला, घरी लोक येत, यंत्र पाहत, तो फणी फिरवून दाखवी. कपाटाची धूळ मी पुसायची. फणीच्या दातांमध्ये धूळ बसते, ती काडीनेच निघते. शेवटच्या आजारात त्याला पेज मी भरवली. वहिनी आधीच गेली होती. एकदा चमचा तोंडाशी असताना तो म्हणाला, "हिरे, तुझ्या खाजणाचं वाईट झालं." मी म्हटलं, "गिळ आधी." त्याला अजून काही बोलायचं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माफ केलेल्या माणसाला काय विचारायचं असतं?

हे सगळं मी प्राचीला सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी आजोबांचं बक्षीस म्हणजे आजोबांचं बक्षीस.

यंत्र आलं त्याच दिवशी दुपारी ती माळ्यावर चढली. लाल यंत्राचं मूळ खोकं सापडलं तर त्यावरच्या चित्रावरून रंग जुळवता येईल म्हणाली. पत्र्याची ट्रंक खाली घेऊन आली. केसांत जाळी, हातात दोन खोकी.

"आत्याआजी, आजोबांनी दोन का घेतली होती?"

एक मोठं रिकामं खोकं. दुसरं लहान. तिने लहान उघडलं आणि आतलं तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. पिवळं. साठ वर्षांत ऊन लागलेलं नाही, त्यामुळे दुकानात होतं तसंच पिवळं. मी ते हातात घेतलं. चारही चाकं जागेवर होती. एकेक चाक मी बोटाने फिरवलं. चारही फिरली.

प्राची बोलत होती, काय गोड आहे, किती बारीक काम आहे. मी तिला म्हटलं, जरा गप्प बस. ती बसली.

मी बाहेर बाकावर बसले होते आणि तो मोड घेत होता. एवढाच वेळ लागला त्याला. पिशवी एक होती, खोकी दोन होती. सगळा घाट त्या दुकानातच ठरला होता, देखावा गाडीत चढायच्या कितीतरी आधी. आणि एकातून एक झालेलं काहीच नव्हतं. त्याने आधी यंत्र पसंत केलं, मग त्याला आड येणारी एकेक वस्तू काढली. बांध, बायका, खांड, मी. रस्त्याचं आणि बांधाचं मी तेव्हा जोडून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. सरकारी पैसा खाली बांधाला गेला असता तर वर रस्त्याला उरला नसता.

पण त्याने फसवलं ते मला फारसं लागलं नाही, हे खरं सांगते. जमीन जाऊन जन्म लोटला. लागलं ते दुसरंच. मी एका निखळलेल्या चाकाला माफ केलं होतं. साठ वर्षं धूळ पुसली, पेज भरवली, ती त्या चाकाच्या भरवशावर. ते चाक निखळलेलं नव्हतं. मग मी माफ कुणाला केलं? आणि तो लहान खोकं टाकून का देऊ शकला नाही? कुणी म्हणेल त्याचं मन खात असेल. खात असेल. ट्रंकेत ठेवून खाऊ दिलं, माझ्यासमोर कधी काढलं नाही.

बाहेर यंत्र बंद झालं होतं. वरच्या शेतात एवढ्या वेळात कापणी संपलीसुद्धा. आम्हाला नऊ जणींना तीन दिवस लागले असते. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. माझी कंबर मला विचारा. दुकानातसुद्धा मी यंत्राला नाही म्हटलं नव्हतं, मापाचं घ्या एवढंच म्हटलं होतं.

मी ओट्यावरच्या पेंढ्यातून एक काडी घेतली आणि आत गेले. प्राचीच्या फळीवरचं खाजण फोटोबरहुकूम होतं, मधे मोकळं मैदान आणि बाहेरचा बांध गुळगुळीत. माती अजून ओली होती.

"इथे बांध घाल," मी म्हटलं. "चार-चार बोटांवर. आणि बायका बाजूला नको, आत घाल."

"पण फोटोत तर..."

"फोटो राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मातीचा गोळा हातात घेतला. मी सांगत गेले, ती मातीच्या वळ्या करून बांध घालत गेली. तिची बोटं माझ्यासारखी आहेत, आखूड. दोन बांध झाले तेव्हा मी काडी त्यांच्या मधे धरून तोडली आणि मग पिवळ्या यंत्रावर धरली. दोन्ही बाजूंना दाण्याएवढी जागा उरली. प्राचीने ते यंत्र वरच्या कोपऱ्यातल्या खाचरात ठेवलं. बसलं.

मग मी बाहेरच्या बांधाला हात लावला. जागा डोळ्यांनी शोधावी लागली नाही. अंगठा ठेवला आणि आत दाबला, पार पलीकडच्या खाडीच्या निळ्या रंगापर्यंत.

"अगं, काय केलंस," प्राची म्हणाली. "बांध फुटला ना."

"फुटलेलाच होता."

ती त्या भोकाकडे बघत राहिली. मग फोटोकडे. मग कपाटाकडे गेली आणि लाल यंत्र काढून दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"मग आजोबांचं हे कुठे ठेवू?"

मी हाताची माती लुगड्याला पुसली.

"खाडीत ठेव," मी म्हटलं. "माझं शेत तिथेच आहे."